'पेशंट शॉकमध्ये आहे' – मराठीत काय म्हणाल?

निशिगंध: अ‍ॅम्ब्युलन्सवर जाणाऱ्या मुलांसाठी मराठीत नोट्स करतेय, 'शॉक'वर अडलेय. पेशींना पुरेसं रक्त, म्हणजे प्राणवायू, पोचत नाही ती अवस्था. मी 'धक्का' लिहिलं. तोंडी परीक्षेत विचारलं, धक्का बसलेल्या रुग्णाला आधी काय कराल? पोरगा म्हणतो, "मॅडम, धीर देऊ, पाणी पाजू." पाणी तर नेमकं द्यायचंच नाही! शब्द सुचवा.

आबा_वाईकर: आघात. सरळ, स्वच्छ शब्द.

निशिगंध: आबा, तो ट्रॉमाला देऊन बसलेय. शिवाय पक्षाघात आहेच.

टपरीवाला: शॉकच ठेवा की. आमच्या अण्णांच्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पेशंट शॉकमध्ये आहेत." मावशी माझ्यावरच उखडली, "सांगितलं होतं ना, जमिनीचा विषय काढू नकोस!" अण्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता, वरचं बीपी ८०च्या खाली.

गौरी_के: म्हणजे तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं :) आमची आजी 'गार पडला' म्हणायची. हातपाय थंड, दरदरून घाम, नाडी सुतासारखी. याहून चांगलं वर्णन करून दाखवा.

टपरीवाला: आमच्याकडे गार पडला म्हणजे गेला. नातेवाईक तिथंच रडायला लागतील.

निशिगंध: आणि जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला अंग गरमही लागतं. मुलांना मी नख दाबायला शिकवते. सोडल्यावर २ सेकंदांत गुलाबी झालं नाही तर सावध व्हा.

आबा_वाईकर: मग अवसाद घ्या. उगाच इंग्रजीपुढे लोटांगण कशाला?

गौरी_के: हिंदीत अवसाद म्हणजे डिप्रेशन, आबा. आणि शॉक इंग्रजीतही उपराच. ल द्रां या फ्रेंच शल्यविशारदाच्या पुस्तकाच्या भाषांतरातून १८व्या शतकात तिकडे आला म्हणतात. त्यांनी नाही टाकला वाळीत.

आबा_वाईकर: त्यांनी घेतला म्हणून आपण घ्यायचा, हे कुठलं तर्कशास्त्र?

निशिगंध: खरी पंचाईत पुढच्याच पानावर आहे. हृदय थांबलं की मशीन सांगतं 'शॉक द्या'. एका मुलानं वहीत लिहिलंय, 'शॉक असल्यास शॉक द्यावा.' म्हणजे बीपी पडलेल्या, शुद्धीवरच्या माणसाला हा करंट देणार!

टपरीवाला: तिथं 'झटका' लिहा.

गौरी_के: झटका म्हणजे हार्ट अटॅक. 'काकांना झटका आला' ऐकलं नाहीत कधी? फिटलाही तेच म्हणतात.

कोळीवाडा_एक्स्प्रेस: मध्येच तोंड घालतो. बोटी लागतात तोही धक्काच ना? लाटांचे धक्के खातो म्हणून धक्का, असं आमचे आजोबा सांगायचे.

आबा_वाईकर: काहीतरीच! प्रवासी धक्काबुक्की करत उतरतात म्हणून. भाऊच्या धक्क्यावर जाऊन बघा.

टपरीवाला: हे भाऊ कोण पण?

कोळीवाडा_एक्स्प्रेस: लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनीच बांधून घेतला.

निशिगंध: मंडळी, नोट्स सोमवारी छापायला जातायत...

आबा_वाईकर: रेवसची लाँच अजून तिथूनच सुटते ना?