पतसंस्था बुडाली, आता भरवसा फक्त विठ्ठलावर. पटतंय का?

इंद्रायणीकाठ:
वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे गावातल्या एका पतसंस्थेत होते. संचालक सगळे ओळखीचे, उद्घाटनाला मोठमोठे पुढारी, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. दोन वर्षं झाली शटर खाली आहे, ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो. यंदा वडिलांना घेऊन पायी वारी केली आणि वाटेत मला एकच गोष्ट पटली, की माणसांच्या सत्तेवर जीव टाकायचा नाही. तुकोबांच्या घरात सावकारी होती, 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी भोगला आणि नंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणासुद्धा परत केला म्हणतात. एवढी मोठी सत्ता दारात आली तरी ते म्हणाले नको, आमचा विठोबा आहे.

खडीचा_रस्ता:
दादा, तुमच्या वडिलांचं वाईट वाटतं, पण हे नाही पटत. माझी आई 72 च्या दुष्काळात लहान होती, आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची, तिथं सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. विठ्ठल आमच्याही भिंतीवर होताच की. पण चूल पेटायची ती हजेरीच्या पैशावर आणि ते काम सरकारनं काढलं होतं. त्यातूनच पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा आला, तोही लोकांनी भांडून. तुकोबांच्या काळात अशी हमी नव्हती, त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली हे त्यांनीच अभंगात सांगितलंय.

इंद्रायणीकाठ:
तेच तर म्हणतोय मी! एवढं सगळं गेल्यावर माणूस पैसा घट्ट धरून बसला असता, त्यांनी उलट खतं बुडवली.

मंगळवेढ्याची_ज्वारी:
आमच्या गावचे दामाजीपंत आठवा. दुष्काळात बादशाहाची कोठारं लोकांसाठी उघडली, मग विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि पैसे भरून आला अशी कथा आहे. लोक शेवट सांगतात, मला सुरुवात महत्त्वाची वाटते. धान्य राजाचं, किल्ल्या अधिकाऱ्याच्या हातात आणि त्या फिरवायची हिंमत भक्तीतून आली. मग देव की सत्ता हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

जात्यावरची:
सगळे तुकोबांचं बोलताय, त्यांच्या दुसऱ्या बायकोचं, जिजाईचं कोण बोलणार? भंडाऱ्याचा डोंगर चढून भाकरी घेऊन जायची ती, घरात पोरं, दारात मागणारे. नवऱ्याचा देवावर भरवसा होता आणि नवऱ्याच्या पोटाची काळजी हिच्यावर. आमच्या घरी पण असंच होतं, वडील म्हणायचे पांडुरंग बघून घेईल आणि आई रात्री दोन वाजेपर्यंत शिलाई करायची. आणि तुकोबांनी भावाच्या वाट्याची खतं बुडवली नव्हती हो, ती त्याला देऊन टाकली. स्वतःचं सोडायचा अधिकार आपल्याला असतो, वडिलांची ठेव तुम्ही कशी सोडताय?

खडीचा_रस्ता:
ताई एकदम बरोबर. आणि दादा, बँकेच्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेला लागू नाही. म्हणजे इथं सरकारचं छत्र जास्त हवं होतं, कमी नाही. आपण सगळे देवावर सोडून घरी बसलो तर संचालकांना तेच पाहिजे.

इंद्रायणीकाठ:
जिजाईचं वाचून गप्प झालो, आईला विचारलंच नव्हतं मी. पैसे सोडलेले नाहीत, ठेवीदारांच्या सह्या गोळा केल्यात, सोमवारी सहकारी संस्थांच्या निबंधक ऑफिसला अर्ज देणार. पण एक सांगतो, दोन वर्षं वडील प्रत्येक फोनला दचकायचे, कोण काय निरोप देतोय म्हणून. वारीत वाखरीच्या मुक्कामी पहिल्यांदा शांत झोपले. ती झोप मला कुठल्या साहेबाच्या टेबलावर परत नेऊन ठेवायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

खडीचा_रस्ता:
झोपू द्या त्यांना. पण अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या, तोंडी सांगून परत पाठवतात.