एनडीएच्या तयारीतल्या मुलांना न्यायानं वागणं कसं शिकवावं?

रविवारचा_मास्तर
मंडळी, साताऱ्याजवळ माझ्याकडे एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करणारी २२ मुलंमुली येतात. लष्करी अधिकाऱ्यांचं ब्रीद असलेलं चेटवूडचं वचन सगळ्यांना तोंडपाठ: आधी देश, मग हाताखालची माणसं, शेवटी आपण. पण पाण्याची पिंपं भरायची पाळी कायम अकरावीवाल्यांचीच. विचारलं तर म्हणे, "सर, सिनियॉरिटी." चार रविवार हाताशी आहेत. काय घेऊ?

निवृत्त_मेजर
भाषण नको, रजेचं रजिस्टर घ्या. दहा जवान, गणपतीत रजा तिघांनाच. एकाची आई आजारी, एकाचं लग्न ठरलंय, एक दोन वर्षं सणाला घरी गेलेला नाही, आणि एक तुमच्याच गावचा, व्हॉलीबॉलमधला जोडीदार. प्रत्येकानं तीन नावं लिहायची. मग ज्याला रजा नाही, त्याला समोर उभं करून तसं सांगायचं. खरी कसोटी तिथे. आवाज चढला की समजा, पोराची स्वतःच्याच निर्णयावर खात्री नाही.

बखरवेडा
शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र वाचून घ्या. (रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे वाक्य यातलं नाही, ते प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रातलं. सगळे गल्लत करतात.) यात निम्मा मजकूर कोठीचा आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरतील. दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात पळवेल आणि वैरण पेटेल. म्हणजे रयतेवरचा जुलूम दर वेळी दुष्टपणातून होत नाही, ढिसाळ हिशेबातूनही होतो. मला हे फार आवडतं.

एक_पालक
छान आहे, पण एसएसबीला (अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतींना) याचा उपयोग काय? तिथे एका शब्दावर वाक्य लिहायला १५ सेकंद मिळतात.

निवृत्त_मेजर
ताई, असे ६० शब्द येतात. इतक्या घाईत पाठांतर टिकत नाही, मुरलेलं तेवढंच कागदावर उतरतं.

काळा_कोट
"हुकूम म्हणजे हुकूम" हेही एकदा खोडून काढा. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४१: गुन्हा ठरतो तो कायदेशीर हुकूम मोडला तर. सोबत माय लायचा प्रसंग सांगा. मार्च १९६८, व्हिएतनाम. अमेरिकी सैनिक या गावातल्या निःशस्त्र लोकांना मारत होते. ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकानं गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवलं. त्यासाठीचं सोल्जर्स मेडल हे पदक मिळालं १९९८ मध्ये. मधली वर्षं कशी गेली असतील, यावर मुलांना बोलू द्या.

रविवारचा_मास्तर
रजेचा तास झाला. गाववाला मित्र नऊ याद्यांत निघाला! नकार सांगताना तिघं तर गप्पच झाले, एकानं चक्क "वरून आलंय" म्हणून हात झटकले. पिंपांची पाळी आता हजेरी क्रमांकानं फळ्यावर लावली आहे, शेवटी माझं नाव. त्यावर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पाळी चुकवलीत तर तक्रार कुणाकडे?"

याला काय उत्तर देऊ? रविवारच्या आत सुचवा.