मदत हवी आहे: गोधडीचे तीन पदर (वरचा, मधलं भरण आणि खालचं अस्तर) एकत्र शिवताना सुरुवात कडेनं करायची की मधून?

ठिगळराणी

नमस्कार मंडळी,

पॅचवर्क गोधडीचा वरचा पदर शिवून झालाय आणि पुढे कसं जायचं यावरून घरात दोन पक्ष पडलेत. सासवडच्या आत्या म्हणतात, "कडेनं धर, फेऱ्या घालत आत ये. आम्ही जन्मभर तसंच केलं." यूट्यूबवरच्या एकूण एक बाया सांगतात की मध्यापासून बाहेर जा, नाहीतर मधे झोळ येईल. आत्यांच्या गोधडीत झोळ शोधून दाखवणारा अजून जन्मायचाय, त्यामुळे त्यांना चूक म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण व्हिडिओवाल्यांच्या रजयाही चांगल्या सपाट दिसतात. मग खरं कोणाचं?

आता माझ्या गोधडीबद्दल. ६ इंची चौकोन आहेत. एक नऊ तुकड्यांचा, शेजारी एक सलग, असे आलटून पालटून. आडवे ९, उभे १३, म्हणजे ५४ × ७८ इंच, आणि भोवती ३ इंचांचा काठ धरून ५ × ७ फूट. दोन्हीकडे विषम आकडा मुद्दाम घेतला, म्हणजे चारही कोपऱ्यांत नऊतुकडीच येते. छोटे तुकडे अडीच इंच कापलेत, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जाऊन २ इंच उरतात. कापड सगळं घरातलंच: नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट, मुलीचे कुर्ते, ड्रेस शिवून उरलेल्या चिंध्या. भोवतीचा काठ आत्यांच्या जुन्या इरकलीचा.

नऊतुकडीत पाच गडद आणि चार फिके घेतले, सलग चौकोन सगळे फिके. त्यामुळे लांबून पाहिलं की गडद ठिपक्यांच्या तिरक्या साखळ्या दिसतात. गडद कोणता आणि फिका कोणता यावर फार घोळ होतो (पोपटी रंग हा महालबाड आहे), त्यासाठी सगळे तुकडे टेबलावर मांडून मोबाइलमध्ये कृष्णधवल फोटो काढायचा. लगेच कळतं. रात्री ओटा आवरला की अर्धा तास हेच चालतं, घरच्यांनी आता जेवायचं टेबल मागणं सोडून दिलंय.

दुसरा प्रश्न, मधे काय भरू? पुण्यात थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, एरवी वर्षभर पंखा. रविवार पेठेत जॅकेटात घालतात ते जाड पॉलिएस्टर दाखवलं. आत्या म्हणतात दोन लुगडी घाल. तेवढी भिजलेली गोधडी उचलणार कोण?

मशीन काळी, पायाची, फक्त सरळ टीप. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सदाशिवपेठी

फोटो टाका आधी. बाकी आत्या बरोबर.

आणि तो इरकलीचा काठ लाल असेल तर आताच तपासा. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर काठ पुन्हा पुन्हा धुवा, आणि तरीही लागत राहिला तर बदला. सगळे फिके चौकोन गुलाबी झाल्यावर इथे येऊन उपाय विचारू नका.

मी_बेळगावची

दोघीही बरोबर आहेत ताई, कारण दोघी दोन वेगळ्या वस्तू शिवतात.

आत्यांच्या पद्धतीत वरचा पदर आधी तयार नसतो. खाली लुगडं, त्यावर जुनेर, आणि त्याच्यावर एकेक तुकडा ठेवत, कड दुमडत धावदोरा घालत जायचं. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. कुठं कापड सैल वाटलं तर पुढचा तुकडा जरा सरकवून बसवला की झालं, ढील मध्यापर्यंत पोचतच नाही. आमच्याकडे हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंडी शिवतात तीही अशीच. कोपऱ्यातून सुरुवात, कडेकडेनं फिरत मध्यावर शेवट, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं. नक्षी कागदावर काढलेली नसते, शेजारचा रंग बघून पुढचा तुकडा उचलायचा.

तुमचा पदर मात्र आधीच एकसंध झालाय, माप ठरून गेलंय. त्यात आलेली ढील मुरवायला जागा नाही. मशीनचे खालचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचं कापड मशीनच्या पायाखाली (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) थोडं थोडं पुढं सरकत राहतं. कडेनं आत आलात तर ते सगळं मधे येऊन चुणी पडेल. मधून बाहेर गेलात तर तीच ढील कडेला निघते. म्हणून तर अस्तर आणि भरण चारी बाजूंनी ३-४ इंच जास्त ठेवायचं, शेवटी कापून टाकायचं.

कापूसकोंड्या

भरणाबद्दल. ते जॅकेटवालं पॉलिएस्टर नको. वजनाला हलकं आणि वाळतं पटकन हे खरं, पण मशीनखाली फुगतं, आणि विरलेल्या शर्टाच्या कापडातून त्याचे तंतू बाहेर येऊन गोधडीला दाढी फुटते. पिंजलेला सुटा कापूसही नको, टाक्यांच्या ओळींत चार बोटांपेक्षा जास्त अंतर पडलं की धुण्यात गोळे झालेच. एकच मऊ सुती साडी घाला. पुण्याच्या थंडीला तीन पदर पुष्कळ आहेत. जुन्या साडीचा मोठा फायदा म्हणजे ती आटायची तेवढी आटून गेलेली असते. नवं कापड कुठे लावणार असाल तर आधी धुऊन घ्या.

अस्तराला दुसरी साडी. साडेपाच मीटरमधून ९२ इंचांचे दोन तुकडे आरामात निघतात. काठ काढून टाका, लांबीच्या बाजूनं जोडा. जोड बरोबर मधोमध ठेवू नका, घडी रोज तिथेच पडते आणि कापड तिथेच विरतं.

ठिगळराणी

बेळगावकर ताई, अगदी लख्ख कळलं. म्हणजे मधून बाहेर. पण नऊतुकडीत शिवणीवर शिवण आलीय. आत्यांना धावदोरा घालायचाय, त्यांची सुई त्या गाठोड्यातून जाणार नाही. सगळं मशीननं केलं तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत.

मी_बेळगावची

दोन्ही करा. आधी कच्चे टाके. फरशीवर अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीनं चिकटवा. सुरकुती जाईल इतपतच ताण, ओढायचं नाही. त्यावर साडी, त्यावर तुमचा पदर, आणि लांब लांब कच्चे टाके मधून बाहेर, वीतभर अंतरानं. यात घाई केली तर पुढचं सगळं फुकट.

मग मशीनवर फक्त ६ इंची चौकोनांमधल्या शिवणींवरून टीप मारा. ९ ओळी असल्यानं बरोबर मध्यावर शिवण नाही, तेव्हा पाचव्या ओळीच्या एका बाजूच्या शिवणीपासून सुरू करा आणि तिथून एकेक बाहेर. उजवीकडचा भाग गुंडाळून मशीनच्या हाताखाली जाईल. काळ्या मशीनला त्या सुईजवळच्या पायाचा दाब कमी करायला वर स्क्रू असतो, तो थोडा सैल करा. टीप लांब ठेवा, इंचात ८ टाके. उभ्या झाल्या की आडव्या.

आता सलग चौकोन राहिले, ५८ असतील ना? ते चारी बाजूंनी बांधलेले आहेत आणि मधे एकही जोड नाही. तिथे आत्यांना खुशाल कडेनं आत येऊ द्या. ६ इंचांत ढील जाऊन जाऊन जाणार कुठे! नऊतुकड्यांना हाताचा टाका घालूच नका.

ठिगळराणी

आत्यांना फोनवर वाचून दाखवलं. "६ इंचांत फेऱ्या त्या किती होणार," म्हणाल्या, पण तयार झाल्या. जाड दोरा आण असं फर्मान आहे. शिवणाच्या रिळातला दुहेरी घेतला तर चालेल?

कापूसकोंड्या

चालेल, पण पीळ बसून सारखा गुंततो. सुती भरतकामाचा दोरा घ्या, सहा पदरांतले तीन पुरतात. बोहरी आळीच्या बाजूला शिवणसामानाच्या दुकानांत मिळेल. रंग फिक्या चौकोनापेक्षा एक छटा गडद, नाहीतर आत्यांचा टाका कोणाला दिसणारच नाही. शेवटी कडेभोवती गोट लावायला अडीच इंची सरळ पट्ट्या कापा. ४४ इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड पुरून उरेल. उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची गरज नाही, तुमच्या कडा सरळच आहेत.