उंबऱ्यापासून गच्चीपर्यंत: टाळेबंदीतल्या बारीकसारीक आनंदांचे अनुभव

यंदा, २०२० साली, गुढी उभारली आणि त्याच दिवशी, २५ मार्चला, करोनामुळे दारं बंद झाली. एकवीस दिवस म्हणता म्हणता ३ मे, मग १७ मे, आता ३१ मे. काय काय बंद आहे याच्या याद्या सगळ्यांना तोंडपाठ झाल्यात. मला इथे दुसरंच हवंय. दारातून, खिडकीतून, गच्चीवरून, फार तर दुधाच्या रांगेपर्यंत जाता-येता तुम्हाला काय गवसलं, ते लिहा. डालगोना कॉफी आणि बसके केक पुष्कळ बघून झाले, ते नकोत. गोष्ट छोटी असली तरी चालेल. छोटीच हवी.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या स्वयंपाकघरासमोर शेवगा आहे आणि त्याची एक फांदी वठलेली. सोसायटीच्या सभेत ती तोडायचा ठराव झाला होता, माणूसही ठरला होता. तो यायच्या आत सगळंच थांबलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्या फांदीतून भुसा गळताना दिसला. तांबट! चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. त्याची 'टुक टुक टुक' उन्हाळाभर कानावर पडायची, पण धनी कधी दिसला नव्हता. भोक अगदी गोल, तेही फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जायला नको. जोडीतला नर कुठला, मादी कुठली, हे बघून कळत नाही, कारण दोघं दिसतात सारखेच आणि काम करतात तेही वाटून. एक आत कोरतोय तोवर दुसरा तारेवर. माझ्या पोळ्या आणि त्यांची पाळीबदल साधारण एकाच वेळी. आता आतून चिरका आवाज येतो आणि आईबाप उंबराची फळं घेऊन फेऱ्या मारतात.

सचिवकाकांना जिन्यातल्या खिडकीशी बोलावून दाखवलं, मास्क लावून, अंतर राखून. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "फांदीचं पावसाळ्यानंतर बघू." ठराव वहीत आहे तसाच आहे.

आता तुम्ही.

*

गिरगाव

आमची खोली दहा बाय बारा, माणसं पाच. पक्षीबिक्षी नाहीत, कबुतरं सोडली तर. पण गॅलरी आहे.

रोज रात्री जेवणं आटोपली की हाउजी. प्रत्येकाने आपापल्या दारात बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही. तळमजल्यावरचे अण्णा चौकात खुर्ची टाकून आकडे ओरडतात, खालचे-वरचे सगळे मजले खेळतात. तिकिटं मी आणि ताई दुपारी आखतो, जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर. तीन ओळी, नऊ उभी घरं, पंधरा आकडे. दोन तिकिटं सारखी निघाली तर भांडण होतं, म्हणून ताईने वही ठेवली आहे.

अण्णा नुसता आकडा सांगतील तर शपथ. परवा म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या लग्नाचं साल, एक्क्याऐंशी!" वरून वहिनी ओरडल्या, "ब्याऐंशी!" मग आकडा कुठला धरायचा यावर अर्धा तास. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मला आठवत नाही," आणि त्यांच्या घरात जे काही झालं ते सगळ्या चाळीने ऐकलं.

पैसे लावत नाही. फुल हाउस लागलं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी संडासच्या रांगेत पहिला नंबर. हे बक्षीस काय असतं ते ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांना नाही कळायचं.

*

सातारा

वरच्या बक्षिसाला तोड नाही! आमचं साधं. दरवर्षी कुरडया घालताना घरातले पुरुष कामावर असतात. यंदा दोघेही दीर घरी. चीक घोटून ज्याचा हात भरून आला त्याने परत कधी "कुरडई मोडकी का?" असं विचारलं नाही. गरम चीक वाटीत घेऊन, वर तूप, गच्चीतच उभ्याने खाल्ला. वाळायला शेवटी निम्म्याच राहिल्या.

*

ठाणे

मी परिचारिका आहे. इथलं सगळं वाचून आधी रागच आला, खरं सांगते. घरी बसून कंटाळा येणं हीसुद्धा चैन आहे, आम्हाला तेवढी मिळाली नाही.

तरी लिहिते. पीपीई किट एकदा चढवलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. आतून घामाच्या धारा, गॉगलवर वाफ. ते एकेक करत नियमाने उतरवायचं, दर टप्प्याला हात धुवायचे. आणि मग पंख्याखाली उभं राहून पहिला ग्लास पाणी. आम्ही तिघीचौघी त्या वेळी एकमेकींशी बोलतसुद्धा नाही. माझा आनंद तोच.

दुसरा रस्त्यावरचा. लोकल बंद असल्याने आम्हाला न्यायला बस येते. वाटेत एका ठिकाणी ताम्हण आहे. राज्याचं फूल म्हणून शाळेत पाठ केलं होतं, तेव्हा झाड कोणी दाखवलं नव्हतं. मेमध्ये असं जांभळं झालं की पान दिसेना. ड्रायव्हरदादा तिथे गाडी हळू घेतात. कोणी सांगितलं नाही त्यांना. एकदा त्यांच्या सुट्टीत बदलीवर दुसरे आले, ते भरकन पुढे गेले, तर मागून चारपाच बायका एकदम "अहो दादा!"

मुलगी माझ्या आईकडे आहे. त्याबद्दल आत्ता नाही लिहीत.

*

निफाड, जि. नाशिक

ताईंना नमस्कार. राग बरोबर आहे तुमचा.

आमच्याकडे टाळेबंदी आली तेव्हा द्राक्षं वेलीवर. सौदा ठरलेला व्यापारी फोन उचलेना. माल वाया घालवण्यापेक्षा बेदाणा करू म्हटलं. हे काम तासगाव-सांगलीकडचं, आम्ही खाण्याची द्राक्षं लावणारे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे आणि सावलीत जाळीवर पसरायचे. चार किलो द्राक्षाचा जेमतेम किलोभर बेदाणा. तोटा झालाच. त्याला गोड मानून घ्या असं कोणी म्हणू नका.

पण एक चव सांगतो. पसरल्यावर काही दिवसांनी मणी अर्धवट सुकतो. साल सुरकुतलेली, आत अजून रस, आणि गोडी अशी की ना द्राक्षाला ना बेदाण्याला. बाजारात हा माल कधीच येत नाही, कारण तो दोनतीन दिवसच तसा राहतो. पुतणे राखणीला म्हणून रात्री शेडमध्ये झोपायचे. सकाळी खालच्या जाळीवर, त्यांचा हात पोचेल तिथपर्यंत, मोकळ्या जागा. आजी म्हणाली, उंदीर बरेच उंच झालेत यंदा.

*

पुणे

बाबांनी वर्तमानपत्रात वाचलं की १३ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येणार. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वर्षातून दोनदा मिळतं, पण दुसरी खेप जुलैअखेरीस, म्हणजे ढगात. नेहमी त्या वेळी आम्ही सगळे ऑफिसात असतो. यंदा गच्चीवर गेलो. स्टीलचा पेला, लाटणं, मुलीची पाण्याची बाटली, सगळं उभं करून ठेवलं. सावल्या आखडत आखडत गेल्या आणि पेल्याची तर नाहीशीच झाली. लाटणं बुडाला गोल, ते पडत होतं, बाबांनी धरून ठेवलं. मुलीला स्वतःची सावली काही दिसेना, मग तिने उडी मारली. उडी मारली की पायाखाली काळा डाग, टेकली की गायब. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनाही मारायची होती, आईने मारू दिली नाही.

नाशिककरांचा दिवस २० मेच्या आसपास, नागपूरकरांचा २६.

*

नागपूर

२६ मेला दुपारी बारा-दहाला गच्चीवर? तुम्ही पुण्याचे लोक काहीही सांगता बाप्पा. आम्ही कूलरसमोरून हललो नाही.

आमची गच्ची संध्याकाळनंतरची. एप्रिलभर पश्चिमेला शुक्र इतका ठळक होता की शेजारचे भाऊजी विमान म्हणून वाद घालत होते. विमानं बंद आहेत, भाऊजी! ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यात जाऊन बसला. दुर्बिणीतून पाहायला गच्चीवर चार घरं आली, चार कोपऱ्यांत उभी राहिली. दुर्बीण मधल्या टाकीवर ठेवायची, एकाने बघायचं, पुसायची, मागे जायचं, मग दुसऱ्याने. एका तासात जेमतेम सगळ्यांचं झालं. कोणाला घाई नव्हती म्हणा.

*

हिंजवडी

एकटा राहतो, तिघे रूममेट आधीच गावी निघून गेले. आनंद वगैरे शोधायचा मला कंटाळा आलाय. एकच गोष्ट: आई रात्री व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवते आणि विसरते. मला फक्त ओट्याची कड आणि कुकर दिसतो. मी इकडे काम करत बसतो. शिट्ट्या तिच्याऐवजी मीच मोजतो, तिसरी झाली की ओरडतो.

*

श्रीवर्धन, जि. रायगड

उशिरा लिहितोय. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. वाडीतली सुपारी निम्म्याहून जास्त आडवी, माड मोडलेले, घराची कौलं शेजारच्या अंगणात. सुपारी लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा पुढचं काय ते बोलायला नको. वीज त्या दिवसापासून नाही.

वादळापर्यंत आम्ही शेजारीपाजारी दोन-अडीच महिने लांबूनच हात करत होतो. मुंबईहून आलेल्यांना तर पाखाडीवर कोणी उभं करत नव्हतं, मीसुद्धा नाही. आता पलीकडच्या आळीत एकाने जनरेटर आणलाय. पंपाने सगळ्यांच्या टाक्या भरून देतो आणि वर एका फळीवर मोबाईल लावायला देतो, घरटी एक तास. त्या तासाला तिथे सगळे. मुंबईवाले पण. ते लांब बसतात, पण बसतात. त्यांच्यातला एक मुलगा सगळ्यांच्या पडलेल्या झाडांचे फोटो पंचनाम्यासाठी काढून, नावं घालून ठेवतोय. कोणाकडे कोकमाची आगळ उरली होती, तिचं सरबत झालं. साखर कमी होती. चहाला दूध नाही, पण कोरा चहा फिरतो. गप्पा म्हणजे कोणाची किती झाडं गेली, त्याच. त्यातही आमचे आबा आपली दोन जास्तच सांगतात.

आनंद म्हणावं का माहीत नाही. मी रोज वेळेच्या आधी जाऊन बसतो एवढं खरं. आत्ता तिथूनच लिहितोय, फोन चाळीस टक्क्यांवर आलाय. माझा तास भरत आला आणि मागे आबा केबल हातात घेऊन उभे आहेत.