मदत हवी आहे : मंगल कार्यालयात पडून आईच्या खुब्याचे हाड मोडले, निष्काळजीपणाची जबाबदारी नेमकी कोणाची?

राजारामपुरीकर

नमस्कार. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे शारीरिक इजा झाली तर भरपाई कोणाकडून आणि कोणत्या मार्गाने मागता येते, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. वाहनाचा अपघात असता तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. आमच्या प्रकरणात वाहन नाही, सार्वजनिक रस्ता नाही, कारखानाही नाही. त्यामुळे ज्यांना विचारले ते "अवघड आहे" एवढेच सांगून थांबतात.

हकीकत अशी आहे. कोल्हापूर शहरालगतच्या एका मंगल कार्यालयात माझ्या मावसभावाच्या लग्नाचा स्वागत समारंभ होता. मुख्य सभागृहातून भोजनकक्षाकडे जाणाऱ्या बोळात दोन पायऱ्या आहेत. त्या संध्याकाळी प्रवेशद्वारापासून भोजनकक्षापर्यंत तांबडा गालिचा सलग अंथरला होता आणि तो पायऱ्यांच्या कडांना बसवून न घेता वरून तसाच ताणून नेल्यामुळे पायरी कोठे संपते हे कळत नव्हते. बोळातला दिवाही बंद होता. आईचा पाय गालिच्याखालच्या पोकळीत गेला आणि ती उजव्या अंगावर पडली. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, तिचा खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास आला आणि त्यातला काही भाग आरोग्य विम्यातून मिळाला. आई बावन्न वर्षांची आहे. ती विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना जेवणाचे डबे देत असे. तो व्यवसाय तेव्हापासून बंद आहे, कारण ओट्याशी सलग उभे राहणे तिला शक्य होत नाही आणि खाली बसून चपात्या लाटणे तर डॉक्टरांनी पूर्ण वर्ज्य सांगितले आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आई पडण्यापूर्वी त्याच ठिकाणी एक वयस्कर पाहुणे अडखळले होते आणि माझ्या मावसबहिणीने ते कार्यालयाच्या व्यवस्थापकांच्या कानावर घातले होते. त्यांनी "माणूस पाठवतो" असे उत्तर दिले, पण कोणी आले नाही.

आता कार्यालयाचे म्हणणे असे की आम्ही फक्त वास्तू भाड्याने देतो, गालिचा सजावटवाल्याने घातला. सजावटवाला म्हणतो की दिव्यांची जबाबदारी कार्यालयाची, शिवाय बाईंनी खाली बघून चालायला हवे होते. वास्तविक सजावटवाला कार्यालयाच्या यादीतलाच घ्यावा लागतो, बाहेरचा चालत नाही. पैसे मात्र त्याला वेगळे दिले जातात. पावतीच्या मागे आणि प्रवेशद्वारावरही "कोणत्याही दुखापतीस अथवा नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही" असे छापले आहे. पावती माझ्या काकांच्या, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांच्या नावावर आहे.

मला कळते ते एवढेच, की समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही आणि त्या न पाळण्यामुळेच इजा झाली, हे दाखवावे लागते. पण हे कर्तव्य दोघांमध्ये विभागले असेल तर दावा कोणावर लावायचा? भाडे आईने दिलेले नसताना तिला ग्राहक म्हणून तक्रार करता येईल का? त्या छापील वाक्याला कायद्यात काही किंमत आहे का? आणि डब्यांच्या उत्पन्नाची कोणतीही वही नसताना ते सिद्ध कसे करायचे? काका-मावशींना यात ओढण्याची आमची अजिबात इच्छा नाही, हेही आधीच नमूद करतो.

जुना शिरस्तेदार

आपण घटनाक्रम व्यवस्थित मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य गेले असले तरी मी वकील नाही. कागद हाती घेऊन सल्ला देणारा वकील शेवटी लागेलच.

आपल्याकडे वैयक्तिक इजेच्या भरपाईसाठी एकच असा संहिताबद्ध कायदा नाही. मोटार अपघात, कामगारांना होणारी इजा, ग्राहकाला मिळालेली सदोष सेवा यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत आणि बाकीचे सारे न्यायालयांच्या निकालांतून उभे राहिलेल्या अपकृत्याच्या, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या चुकीच्या, तत्त्वांवर चालते. आपल्यासमोर त्यामुळे दोन दरवाजे आहेत, दिवाणी न्यायालय आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मी आपल्या जागी असतो तर दुसरा निवडला असता.

आई ग्राहक आहे का, या प्रश्नाचे उत्तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येतच आहे. मोबदला देऊन सेवा घेणाऱ्याच्या संमतीने जो त्या सेवेचा लाभ घेतो, तोही ग्राहक ठरतो. कार्यालय पाहुण्यांसाठीच घेतले जाते, त्यामुळे निमंत्रित पाहुणा हा लाभार्थी आहे असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. काकांना सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो पक्ष, करण्याची गरज नाही. त्यांची पावती आणि "आम्ही यांना निमंत्रण दिले होते, सजावटवाला कार्यालयाच्या यादीतलाच घ्यावा लागला" एवढे सांगणारे प्रतिज्ञापत्र मात्र अवश्य लागेल. आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. कायद्याच्या कलम ३९ मध्ये सामनेवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची किंवा इजेची भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला स्पष्ट शब्दांत दिला आहे.

कोणावर, हा खरा प्रश्न. दोघांवरही लावावी. स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो हे तत्त्व कार्यालयाचा वकील पुढे करील. पण ज्याच्या ताब्यात वास्तू आहे आणि जो लोकांना तेथे बोलावून पैसे मिळवतो, त्याचे जागा सुरक्षित ठेवण्याचे स्वतःचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १९९७ मध्ये आग लागून ५९ जणांचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. म्हणजे दोष दोघांचा असला की वाटणी होते, कोणीतरी एकच सापडायला हवा असे नाही. आणि आपल्या प्रकरणात तर व्यवस्थापकाला धोका आधीच कळवलेला होता. गालिचा कोणीही घातलेला असो, कळल्यानंतर तो सरळ करून घेणे किंवा निदान दिवा लावणे त्याच्या हातात होते. सारा भर मी या मुद्द्यावर ठेवीन.

छापील वाक्याला घाबरू नका. गाडी चोरीला गेली तर मालकाची जबाबदारी, असे हॉटेलने पावतीवर छापले म्हणून त्याला स्वतःच्या किंवा नोकरांच्या हयगयीपासून सुटका मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण ताब्यात दिलेल्या वस्तूचे होते, माणसाच्या इजेचे नव्हे, हा फरक दुसरी बाजू नक्की दाखवील. परंतु जेथे वाहनाच्या बाबतीत अशी पळवाट चालत नाही, तेथे हाडामांसाच्या माणसाच्या बाबतीत का चालावी, हे विचारायला आपण मोकळे आहात. शिवाय आईने त्या पावतीवर सही केलेलीच नाही.

मुदत ग्राहक आयोगासमोर दोन वर्षे आणि असल्या दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षे आहे. घटनेची तारीख आपण लिहिलेली नाही, ती पाहून ठेवा.

पेठेतला वाचक

शिरस्तेदार साहेबांचे म्हणणे मान्य करूनही थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण कायदा बरोबर असणे आणि प्रकरण जिंकणे यांत अंतर असते. वरच्या उत्तरातून असे वाटेल की पडले म्हणजे भरपाई मिळालीच. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, निष्काळजीपणा घटनेतूनच बोलतो, असे मानले. कारण नीट देखभाल केलेला मनोरा आपोआप कोसळत नाही. माणूस मात्र चांगल्या पायऱ्यांवरूनही पडतो. त्यामुळे गालिचा कसा होता आणि दिवा बंद होता, हे तुम्हालाच दाखवावे लागेल, आणि नातेवाइकांच्या साक्षीकडे नातेवाइकांची साक्ष म्हणूनच पाहिले जाईल. ते अडखळलेले पाहुणे नात्यातले नसतील तर त्यांचे प्रतिज्ञापत्र सोन्यासारखे आहे.

आईंचाही थोडा दोष धरला गेला तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. तेव्हा "खाली बघून चालायला हवे होते" या उत्तराने खचू नये. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. वास्तवात किती वेळ लागतो ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चहा पिणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करून पाहावा, असे माझे मत आहे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक विचारतो : सार्वजनिक दायित्व विम्याचा १९९१ चा कायदा आहे ना? त्याखाली दोष सिद्ध न करताच भरपाई मिळते असे ऐकले आहे.

जुना शिरस्तेदार

तो कायदा घातक पदार्थ हाताळताना होणाऱ्या अपघातांसाठी आहे, मंगल कार्यालयातल्या पायऱ्यांना लागू नाही. नावावरून अनेकांची फसगत होते. कार्यालयाने अशा जोखमीसाठी स्वतःहून विमा घेतलेला असू शकतो. नोटिशीत त्याची माहिती अवश्य मागावी, कारण पैसे विमा कंपनी देणार असेल तर तडजोड लवकर होते. तडजोडीचा सल्ला चांगलाच आहे, फक्त तिच्या नादात मुदत जाऊ देऊ नये.

राजारामपुरीकर

दोघांचेही आभार. घटनेला अजून वर्ष झालेले नाही. दोन अडचणी राहतात. रुग्णालयाच्या केसपेपरवर "पाय घसरून पडल्या" एवढेच आहे, स्थळ लिहिलेले नाही, आणि पोलिसांत आम्ही काहीच नोंदवलेले नाही. तसेच विम्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा होईल का? कार्यालयाने कॅमेऱ्यांचे चित्रण देण्यास नकार दिला आहे.

जुना शिरस्तेदार

कॅमेऱ्यांपेक्षा लग्नाच्या छायाचित्रकाराला गाठा. अल्बममधली निवडक छायाचित्रे नकोत, त्या संध्याकाळचे संपादन न केलेले सगळे चित्रण मागा, कारण पाहुणे भोजनकक्षाकडे जातानाची दृश्ये हमखास घेतलेली असतात आणि बोळातला अंधार व सलग गालिचा त्यांत दिसण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेक छायाचित्रकार जागा मोकळी करण्यासाठी जुने चित्रण पुसून टाकतात, तेव्हा हे आधी करा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते त्याच्याकडून त्याच वेळी घ्यावे.

केसपेपरवर स्थळ नसणे ही उणीव आहे, पण घातक नाही. दाखल केल्याची वेळ, रुग्णवाहिकेची पावती, समारंभाची निमंत्रणपत्रिका आणि त्या रात्रीचे घरच्यांचे संदेश यांवरून स्थळ जुळवता येते. केसपेपरमध्ये आता भर घालून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तशी भर उलटतपासणीत प्रामाणिक माणसालाही खोटे ठरवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली निष्काळजीपणे जबर दुखापत करणे हा गुन्हा आहे खरा, परंतु भरपाईसाठी फौजदारी प्रकरण आवश्यक नाही, आणि केवळ दबाव आणण्यासाठी ते करावे असे मी कधीच सुचवणार नाही.

विम्याबाबत, मोटार अपघाताच्या दाव्यात वैद्यकीय विम्याची रक्कम वजा करू नये असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. आपले प्रकरण मोटार कायद्याखालचे नाही, तरी हप्ते भरून मिळवलेल्या विम्याचा फायदा चूक करणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागचा विचार येथेही मांडता येतो. तक्रारीत पूर्ण खर्च दाखवावा आणि विम्याची रक्कम लपवू नये.

उत्पन्नाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. डबे घेणाऱ्यांपैकी चार-पाच जणांची प्रतिज्ञापत्रे, मोबाइलवर जमा झालेल्या पैशांचा बँक उतारा आणि वाणसामानाची बिले पुरेशी ठरावीत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेताना टक्केवारीवर समाधान मानू नका. शरीराचे अपंगत्व किती आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात समजावून सांगितले आहे : डावा हात गेलेल्या चालकाची किंवा सुताराची जवळजवळ सारी कमाई जाऊ शकते, तर त्याच अपंगत्वाचा कारकून नोकरीत राहू शकतो. खुब्याला तीस टक्के अपंगत्व लिहिले गेले, तरी ओट्याशी उभे राहून डबे करणाऱ्या बाईंचा धंदा संपूर्ण बंद झाला असेल तर तोटा तीस टक्क्यांचा नसतो. डॉक्टरांकडून "सलग उभे राहणे व खाली बसणे शक्य नाही" असे स्वतंत्र वाक्य लिहून घ्या. यापुढे मदतनीस ठेवून व्यवसाय चालवायचा असेल तर तिचा पगारही मागणीत धरता येईल, वेदना आणि मनस्तापाची रक्कम त्याशिवाय वेगळी.

नोटीस कार्यालयाचे मालक आणि सजावटवाला या दोघांच्याही नावे, पोचपावती मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावी. तिच्यात कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात असावी. ते नंतर "पुसले गेले" असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ काय लावायचा हे आयोगासमोर वकिलांना सांगता येते.