मदत हवी आहे: व्हिडिओत ‘नियमशास्त्र रद्द झालं’ असं बोलून गेले, आता दुरुस्त कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी नगर जिल्ह्यातली. चर्चमध्ये बारा वर्षं संडे स्कूल घेते आणि गेल्या वर्षापासून तोच अभ्यास मराठीत यूट्यूबवर टाकते. फोन, कॉलर माइक आणि आवाज घुमू नये म्हणून मागे दोरीवर टाकलेली गोधडी, एवढाच सरंजाम.

मागच्या महिन्यात एका प्रेक्षकाने विचारलं, “बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात, 11 व्या अध्यायात, डुक्कर निषिद्ध, पंख आणि खवले नसलेलं पाण्यातलं सगळं निषिद्ध, म्हणजे कोळंबी-खेकडेही आले. ते तुम्ही खाता. मग त्याच पुस्तकातलं ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ तेवढं का सांगता?” प्रश्न रास्त होता. मी घाईघाईत उत्तराचा व्हिडिओ केला आणि बोलून गेले, “ते जुनं नियमशास्त्र (मोशेमार्फत इस्राएल लोकांना मिळालेले देवाचे नियम) येशूने रद्द केलं.”

दोन दिवसांनी खाली एका बाईंची कॉमेंट आली. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, आता इस्राएलात राहतात. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, “ताई, रद्द कुठे झालंय? कालच आमच्या घरी शब्बाथचे दिवे लागले.” शब्बाथ म्हणजे नियमशास्त्रातला शनिवारचा विश्रामदिवस.

तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. मत्तय 5:17 मध्ये येशू स्वतःच सांगतो की मी नियमशास्त्र रद्द करायला नाही, पूर्ण करायला आलोय. हे वचन मी मुलांकडून पाठ करून घेते, आणि कॅमेऱ्यासमोर नेमकं उलटं बोलले.

नवा व्हिडिओ करायचाय, पण एका जागी अडलेय. नैतिक, विधींचे आणि न्यायनिवाड्याचे असे नियमांचे तीन भाग पाडायचे, त्यातले नैतिक तेवढे आपल्याला लागू, हे उत्तर मला ठाऊक आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ते नीट मांडलं, आमचे पाळकही तेच सांगतात. पण बायबल कॅमेऱ्यापुढे धरून ओळीवर बोट ठेवलं की काय दिसतं? लेवीय 19:18 ला शेजाऱ्यावर प्रीती, आणि लगेच 19:19 ला दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको. मध्ये रेघ नाही. ती कोणी मारली, असं कोणी विचारलं तर काय सांगू?

शिवाय जुना व्हिडिओ काढून टाकू का? मग त्या बाईंची कॉमेंटही जाईल, आणि ते मला नको आहे.

प्रतिसाद 1

ताई, व्हिडिओ काढू नका. त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, पण यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरमध्ये ते वाक्य कापता येतं. मी तर म्हणेन, कापूही नका. वर तुमची दुरुस्तीची कॉमेंट पिन करा, नव्या व्हिडिओची लिंक द्या आणि त्या बाईंना आधी स्वतः उत्तर लिहा.

प्रतिसाद 2

सुरुवातच ‘रद्द झालं की नाही’ पासून करू नका. सीनाय डोंगरावरचा, म्हणजे नियमशास्त्राचा, करार इस्राएल लोकांशी झाला. पहिले ख्रिस्ती यहुदीच होते, ते नियमशास्त्र पाळतच होते. वाद पेटला तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, लोक येशूवर विश्वास ठेवू लागले तेव्हा: यांची सुंता करायची का? अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून येशूचा शिष्य पेत्र मागे सरला म्हणून प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलती 2). साधारण इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमात सभा भरली आणि परराष्ट्रीयांवर सुंतेचा आणि नियमशास्त्राचा भार घालू नये असं ठरलं (प्रेषितांची कृत्ये 15). यहुद्यांनी पाळणं सोडावं, असं तिथे कोणी म्हटलं नाही. पुढे 21 व्या अध्यायात पौल स्वतः शुद्धीकरण करून मंदिरात जातो. म्हणजे 19:18 आणि 19:19 मध्ये रेघ शोधायची गरजच नाही. दोन्ही आज्ञा इस्राएलला दिल्या. त्यातली शेजारप्रीतीची येशूने स्वतः उचलून सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

आणि उदाहरण आपल्या मातीतलं घ्या. कोकणात बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी तो बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हे पडद्यावर आणलंत तर नियमशास्त्र जुनं झालं, असं कोणी म्हणणार नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच त्या बाईंना लिहिलं, माफी मागितली, आणि शनवार तेल्यांबद्दल व्हिडिओत बोलू का, असंही विचारलं. त्यांनी होकार दिला, वर आजोबांच्या घाण्याचा एक जुना फोटोही पाठवला.

आता एकच शंका. त्या सभेने परराष्ट्रीयांना चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या, त्यात रक्तही आहे. आमच्याकडे बकरं कापलं की काही घरांत रक्ती आवडीने होते. माझी आजी मात्र हाच 15 वा अध्याय दाखवून ती चुलीवर चढू द्यायची नाही. कॉमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येणार. तुमच्या मंडळीत याचं काय उत्तर देतात?