बाद मतं विसरू नका

आयर्लंडच्या २०२५ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत कॅथरीन कॉनलींना ६३ टक्के मतं, म्हणजे एकतर्फी कौल, असं म्हटलं जातं. पण हे ६३ टक्के वैध मतांतले. मतदान जेमतेम ४६ टक्के, त्यातही जवळपास १३ टक्के मतपत्रिका बाद! २०१८ मध्ये बाद मतं १ टक्क्याच्या आसपास होती. या बाद मतांची मेख उमेदवारीच्या नियमातच आहे. उमेदवार व्हायला २० खासदार किंवा ४ स्थानिक परिषदा पाठीशी हव्यात. उमेदवारीसाठी धडपडणाऱ्या मरिया स्टीन १८ खासदारांवर अडकल्या आणि त्यांचे समर्थक चिडले. दुसरे एक उमेदवार जिम गॅविन यांनी प्रचारातून माघार घेतली, पण मुदत उलटल्याने नाव मतपत्रिकेवर राहिलं. तरी त्यांना ७ टक्के मतं! कॉनलींच्या प्रतिस्पर्धी हेदर हम्फ्रीजनी मात्र मोजणी संपण्याआधीच दिलदारपणे हार मानली.